चिपी ते बिरसी: अंतर ९४० किलोमीटर, पण वेळ किती?

धाकटी बहीण लग्न होऊन गोंदियाला गेली तेव्हा आईने एकच विचारलं, "इमानान किती वेळ लागता रे?" आम्ही कुडाळचे. आमच्याजवळ चिपीचा विमानतळ, तिच्याजवळ बिरसीचा. दोन्हीकडे विमानतळ म्हटल्यावर उत्तर सोपं असेल असं वाटून मी मोबाईल उघडला. एका साइटवर दीड तास दिसला, दुसरीवर अकरा तास, आणि तिसरीने मला परस्पर दिल्लीमार्गे पाठवलं. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते, कारण प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होता.

दोन आडबाजूच्या विमानतळांमधला प्रवास पहिल्यांदाच ठरवणाऱ्याने हे तीन प्रश्न वेगळे करावेत. सरळ रेषेत अंतर किती? विमान हवेत किती वेळ? घराच्या उंबऱ्यापासून त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत किती? मी चिपी-बिरसीचंच उदाहरण घेतो. महाराष्ट्र कोपऱ्यातून कोपऱ्यात कापायचा तर याहून मोठा कर्ण सहजी सापडत नाही. जळगाव-सिंधुदुर्ग काय किंवा नांदेड-कोल्हापूर काय, रीत हीच.

आधी नाव आणि कोड नीट घ्या

तिकिटाच्या साइटवर "चिपी" किंवा "बिरसी" टाकून बहुधा काही सापडत नाही. तिथे जिल्ह्याचं किंवा शहराचं नाव लागतं: सिंधुदुर्ग, कोड एसडीडब्ल्यू, गोंदिया, कोड जीडीबी. हे तीन अक्षरी कोड एका कागदावर लिहून ठेवा, कारण खरा घोटाळा शेजारच्या गोव्यात आहे. गोव्याला दोन विमानतळ आहेत: दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. सिंधुदुर्गातल्या माणसाला मोपा तासा-सव्वा तासावर. दाबोळीला जायचं तर मांडवी ओलांडून पणजीच्याही पुढे, पार वास्को गाठावं लागतं. स्वस्त दिसलं म्हणून दाबोळीचं तिकीट काढलं आणि वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याला दिले, असे दोघे तरी माझ्या ओळखीत आहेत.

आणखी एक. नकाशावर विमानतळाची खूण आहे म्हणजे तिथून प्रवासी विमान उडतं, असं नाही. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, इंग्रजांनी बांधलेली. तिथे वैमानिकांना शिकवणारी मोठी संस्था आहे, त्यामुळे आकाशात छोटी विमानं दिवसभर घिरट्या घालताना दिसतात. ती शिकाऊ मुलांची. प्रवासी विमान तिथे २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झालं, काही महिन्यांत थांबलं, मग डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरू केलं. चिपीचीही कथा अशीच. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं, मुंबईचं विमान आलं, पुढे तेही बंद पडलं, आणि वेगळ्या कंपनीने हैदराबाद, बंगळूर, पुणे असे मार्ग धरले.

याला कारण आहे. असे बरेच मार्ग केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेतले असतात. त्यात कंपनीला तूट भरून काढायला सरकारी मदत मिळते, पण ती साधारण तीन वर्षं. मदत संपली आणि विमान भरत नसेल, तर मार्गही संपतो. म्हणून गेल्या दिवाळीत भाऊजी ज्या विमानाने आले ते या दिवाळीत असेलच, असं धरून चालू नका.

सरळ अंतर: वही-पेन्सिल पुरते

गूगल मॅप्सवर एका विमानतळावर उजवी क्लिक करून 'अंतर मोजा' निवडलं आणि दुसऱ्यावर क्लिक केलं की सरळ अंतर मिळतं. ग्रेट सर्कल मॅपर नावाच्या साइटवर नुसते दोन कोड टाकले तरी काम होतं. तरी एकदा हाताने करून पाहा. पुढे कोणी काहीही आकडा सांगितला तरी तो पटण्यासारखा आहे का, ते लगेच कळतं.

चिपी साधारण १६.०० उत्तर अक्षांश, ७३.५३ पूर्व रेखांशावर आहे. बिरसी २१.५३ उत्तर, ८०.२८ पूर्व. म्हणजे अक्षांशात फरक ५.५३ अंश आणि रेखांशात ६.७५ अंश.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, कुठेही. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर तेवढाच असतो आणि ध्रुवाकडे जाताना आवळत जातो. महाराष्ट्राच्या मध्यावर तो साधारण १०५ किलोमीटर धरायचा. मग उत्तरेकडे ५.५३ गुणिले १११, म्हणजे ६१४ किलोमीटर. पूर्वेकडे ६.७५ गुणिले १०५, म्हणजे ७०९. आता शाळेतला पायथागोरस: दोन्हींचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ. उत्तर येतं ९३८. पृथ्वीची गोलाई धरून काटेकोर केलं तरी ९४० च्याच आसपास. वैमानिकांच्या भाषेत सुमारे ५०७ सागरी मैल, कारण एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

ही रेषा नकाशावर ओढून पाहण्याची मजा काही और आहे. चिपीच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, ईशान्येला निघते, सह्याद्री ओलांडते, सांगली-मिरजेच्या आसपासून सोलापूरच्या थोडं वरून जाते. बरोबर मधोमध येतं लातूर जिल्ह्यातलं अहमदपूर. तिथून नांदेड जवळजवळ डोक्यावरून, आणि शेवटी भंडाऱ्याच्या किंचित खालून गोंदियात. भातशेतीत सुरू होऊन भातशेतीतच संपते, मधला सगळा ज्वारी, सोयाबीन आणि कापसाचा मुलूख.

जमिनीवरून हेच अंतर किती फुगतं ते रेल्वेवरून कळतं. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, मनमाड, नागपूर असा वळसा घेत १,३०० किलोमीटरच्या वर धावते आणि एक अख्खा दिवस व वर काही तास घेते. आणि कुडाळहून आधी घाट चढून कोल्हापूर गाठायचं, ते वेगळंच.

हवेतला वेळ: भागाकार करा, मग वीस-पंचवीस मिनिटं घाला

नवखा माणूस इथे चुकतो. तो अंतराला वेगाने भागतो आणि थांबतो. पण विमान धावपट्टीवरून सुटल्या सुटल्या पूर्ण वेगात नसतं. वर चढायला, खाली यायला, उतरण्यासाठी रांगेत वळायला आणि जमिनीवर सरपटायला वेळ जातो. तो अंतर कमी-जास्त झालं तरी फारसा बदलत नाही. लहान विमानतळांसाठी मी एका उड्डाणाला २० ते २५ मिनिटं धरतो. मुंबई-दिल्लीसारख्या ठिकाणी नुसतं जमिनीवरच तेवढं जाऊ शकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे विमान कोणतं. लहान विमानतळांवर अनेकदा पंख्याचं एटीआर येतं, साधारण ७० आसनांचं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. जेट असेल तर ८०० धरा. बुकिंग करताना विमानाचा प्रकार बारीक अक्षरात दिलेला असतो, तो वाचा.

आता चिपी-बिरसी थेट विमान असतं तर? एटीआरने ९४० भागिले ५००, म्हणजे ११३ मिनिटं, अधिक २५: सव्वादोन तास आणि वर थोडं. जेटने ७० अधिक २५, म्हणजे जवळजवळ ९५ मिनिटं. मला पहिल्या साइटवर दिसलेला 'दीड तास' इथून आला होता. त्या साइटने नुसता असा हिशेब केला होता. असं थेट विमान मुळात आहे का, हे तिने पाहिलंच नव्हतं. 'अमुक ते तमुक विमानाने इतके तास' सांगणारी बरीच पानं अशीच तयार होतात. या आकड्याचा उपयोग एवढाच की याहून कमी वेळ लागणं शक्य नाही.

वाऱ्याचंही थोडं गणित आहे. हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या थरात पश्चिमेकडून वारे वाहतात. चिपीहून गोंदियाकडे जाताना ते पाठीवर, येताना तोंडावर. ताशी ५० किलोमीटरचा वारा धरला तर एटीआरला ९४० किलोमीटर जाताना १०३ मिनिटं आणि येताना १२५ मिनिटं लागतील. वीस-बावीस मिनिटांचा फरक. जाताना-येतानाचे वेळापत्रकातले आकडे वेगळे दिसले तर छापण्यात चूक आहे असं समजू नका.

आणि वेळापत्रकातला वेळ म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणी जागेवर उभं राहीपर्यंतचा. त्यात कंपन्या पाच-दहा मिनिटं राखूनही ठेवतात. म्हणूनच कधी कधी उशिरा सुटलेलं विमान 'वेळेत पोहोचलं' अशी घोषणा होते आणि लोक कौतुकाने एकमेकांकडे पाहतात.

खरा मार्ग शोधा

थेट विमान नसेल तेव्हा दोन्ही विमानतळांची वेगवेगळी यादी करा: इथून कुठे कुठे जाता येतं, तिथे कुठून कुठून येता येतं. दोन्ही याद्यांत जे शहर येईल ते तुमचं जंक्शन. चिपी आणि बिरसीच्या बाबतीत असं शहर म्हणजे हैदराबाद. दोन्हीकडून हैदराबादची विमानं गेल्या काही वर्षांत चाललेली आहेत. तुमच्या तारखेला दोन्ही टप्पे चालू आहेत का, ते तिकीट काढताना कंपनीच्याच साइटवर पाहा.

हैदराबादमार्गे अंतर किती वाढतं? वरच्याच रीतीने चिपी-हैदराबाद सुमारे ५४० किलोमीटर आणि हैदराबाद-बिरसी सुमारे ५१५. एकूण १,०५५. म्हणजे सरळ रेषेपेक्षा फक्त ११५ किलोमीटर जास्त, आठव्या हिश्श्याइतकंही नाही. नकाशावर हा वळसा वाटतच नाही. प्रत्येक टप्प्याला हिशेबाने २५ मिनिटं घालून दीड तास. दोन्ही मिळून तीन तास हवेत.

मग अकरा तास कुठून आले? थांब्यातून. लहान विमानतळावर दिवसाला एखाददुसरं विमान, कधी आठवड्यातले ठरावीक वारच. तुमचं पहिलं विमान दुपारी हैदराबादला उतरलं आणि गोंदियाचं सकाळीच निघून गेलेलं असेल, तर पुढचं उद्या. पुढचं 'उद्या' नसून 'परवा' असेल, तर हैदराबादेत दोन रात्री. म्हणून आधी वार जुळवा, मग तारीख ठरवा, आणि भाडं सगळ्यात शेवटी पाहा. बहुतेक लोक हे बरोबर उलटं करतात.

एक तिकीट की दोन?

इथे मी स्वतः पोळलोय, म्हणून थोडं लांबवतो.

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असले तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढची सोय करणं ही कंपनीची जबाबदारी असते, आणि सामानही बहुधा थेट पुढे जातं. पण लहान मार्गांवर दोन टप्पे अनेकदा दोन वेगळ्या कंपन्यांचे असतात आणि तिकिटं स्वतंत्र काढावी लागतात. मग पहिली कंपनी तुम्हाला हैदराबादला सोडून मोकळी होते. तुम्ही बाहेर यायचं, पट्ट्यावरून बॅग उचलायची, पुन्हा वर निर्गमनाच्या दाराशी ओळखपत्र दाखवायचं, बॅग द्यायची, सुरक्षा तपासणी करायची. आणि दुसऱ्या कंपनीची बॅग घेण्याची खिडकी विमानाच्या साधारण तासभर आधी बंद होते.

मी एक तास वीस मिनिटं ठेवली होती. हिशेबात मस्त बसत होतं. पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा आलं. मी खिडकीपाशी धावत पोहोचलो तेव्हा तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, क्लोज्ड." दुसऱ्या तिकिटाचे पैसे गेले, रात्र हैदराबादेत काढली, आणि बहिणीसाठी नेलेल्या सोलकढीच्या आगळाची बाटली हॉटेलच्या फ्रिजमध्ये राहिली ती राहिलीच.

तेव्हापासूनचा माझा नियम: वेगळी तिकिटं असतील तर मध्ये किमान तीन तास. पावसाळ्यात चार. एका पीएनआरवर असेल तर दीड-दोन तास पुरतात.

विमान रद्द झालं किंवा सहा तासांहून जास्त उशीर जाहीर झाला, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांपैकी एक मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. अशा लहान पल्ल्याच्या विमानाला दोन तासांहून जास्त उशीर झाला आणि तुम्ही वेळेत हजर असाल, तर खाण्यापिण्याची सोयही कंपनीने करायची असते. पण हे सगळं त्याच तिकिटापुरतं. चुकलेल्या दुसऱ्या वेगळ्या तिकिटाचं त्यात काही येत नाही.

उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

आता आईला सांगायचा आकडा. कुडाळहून चिपी सुमारे २५ किलोमीटर, रस्ता वळणाचा, पाऊण तास. विमानतळावर दीड तास आधी. लहान जागा आहे, रांग फार नसते, पण खिडकी तिथेही वेळेवरच बंद होते. पहिलं उड्डाण दीड तास, थांबा तीन तास, दुसरं उड्डाण दीड तास, मग बॅग आणि बिरसीहून गोंदिया शहर मिळून पाऊण तास. बेरीज नऊ तास. विमानांच्या वेळा जुळल्या तर.

याच्याशी ताडून पाहायचा दुसरा मार्ग म्हणजे मोपाहून नागपूर. सरळ अंतर सुमारे ८०५ किलोमीटर, थेट जेट मिळालं तर दीड तासाच्या आत-बाहेर. कुडाळ-मोपा सव्वा तास, विमानतळावर दोन तास, उड्डाण दीड तास, नागपूरला बाहेर पडायला चाळीस मिनिटं, आणि पुढे गोंदिया मोटारीने तीन-साडेतीन तास. एकूण जवळपास नऊच तास. हावड्याकडे जाणारी सोयीची गाडी मिळाली तर नागपूर-गोंदिया दोन तासांतही होतं.

गंमत पाहा. दोन्ही टोकांना दाराशी विमानतळ असूनही, शेजारच्या मोठ्या विमानतळावरून जाणाऱ्याला वेळ तेवढाच लागतो. शिवाय नागपूरचं एक विमान चुकलं तरी मुंबई-पुण्यामार्गे त्याच दिवशी दुसरं मिळण्याची शक्यता असते. मी आज सांगायचं तर आईसोबत, दोन बॅगा घेऊन जाताना मोपा-नागपूर धरतो. एकटा असेन, हातात एकच पिशवी असेल आणि वार जुळत असतील, तर चिपी. तिथली शांतता मला आवडते.

आदल्या दिवशी पाहायच्या गोष्टी

सामान: तिकिटावर चेक-इनला किती आणि हातात किती ते किलोत वाचा. दोन कंपन्या असतील तर ज्या कंपनीची मर्यादा कमी, तीच तुमची मर्यादा. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात, चाकांची फुगीर बॅग त्यात जात नाही.

हवामान: लहान विमानतळांवर उपकरणांच्या मदतीने उतरण्याची सोय नेहमी असतेच असं नाही. जिथे वैमानिकाला डोळ्यांनी पाहून उतरावं लागतं, तिथे साधारण पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसणं गरजेचं असतं. जून ते सप्टेंबर कोकणात ढग सड्यावर टेकतात आणि डिसेंबर-जानेवारीत पूर्व विदर्भात सकाळचं धुकं असतं. मृगात चिपीहून सुटणार असाल किंवा पौषातल्या सकाळी बिरसीला उतरणार असाल, तर पुढच्या दिवशी लग्नाचा मुहूर्त, परीक्षा किंवा कोर्टाची तारीख ठेवू नका. एक दिवस आधी जा.

विमान कुठे आहे: फ्लाइटरडार २४ वर उड्डाण क्रमांक टाका. लहान मार्गांवर तेच विमान सकाळपासून चार-पाच ठिकाणी फिरून तुमच्याकडे येतं. ते सकाळी पहिल्याच ठिकाणी दोन तास अडकलं असेल, तर तुमचा निरोप येण्याआधीच तुम्हाला अंदाज येतो.

आणि उतरल्यावरची गाडी. बिरसीला रिक्षांची रांग उभी असेल या भरवशावर जाऊ नका, आधीच फोन करून ठरवा. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्य नाही. पावणेसात अंश रेखांशाचा फरक म्हणजे गोंदियात सूर्य आपल्याआधी २७ मिनिटं माथ्यावर येतो, आणि डिसेंबरात तिथे अंधारही कोकणापेक्षा ३५-४० मिनिटं आधी पडतो. चिपीच्या सवयीने "सहालाही चांगला उजेड असतो" असं धरून उतराल, तर बाहेर काळोख असेल आणि बहिणीचा चौथा फोन वाजत असेल.